मामांचा माइक

मी एक माइक बोलतोय. म्हणजे, आपलं म्हणायचं बोलतोय. जन्मभर मी दुसऱ्यांचंच बोललो, स्वतःचं असं आजच पहिल्यांदा.

माझी मान लवचीक आहे, डोक्यावर काळ्या स्पंजची टोपी आहे आणि पायाशी एक बटण आहे. ते दाबलं की माझ्या गळ्याभोवती लाल कडं पेटतं. ते पेटलं की समजायचं, आता अख्खं मैदान ऐकतंय. कारखान्यात मला कुणी आणि कसं जोडलं ते फारसं आठवत नाही. एका खोक्यातून निघालो आणि टेनिसच्या मोठ्या मैदानावरच्या काचेच्या केबिनमध्ये टेबलाला स्क्रूने आवळला गेलो, एवढं लक्षात आहे.

त्या टेबलामागे मामा बसायचे.

मामा म्हणजे मैदानाचे निवेदक. खेळाडू बोगद्यातून कोर्टवर येऊ लागले की त्यांची नावं, त्यांचे पराक्रम सांगायचे. पाऊस आला की खेळ थांबल्याचं सांगायचं. कुणाची छत्री सापडली, कुणाची म्हातारी हरवली, तेही सांगायचं. आणि शेवटी चषक कुणाचा, ते नाव घ्यायचं. गुण मोजणं पंचांचं काम. मामांचं काम गुणांच्या मधलं. चेंडू खेळात असताना मामांनी ब्र काढायचा नाही, हा नियमच होता.

आवाज मात्र असा, की माझ्या पोटातली तार थरथरायची. स्पर्धेच्या दिवसांत मामा घरी अक्षरसुद्धा बोलत नसत. घसा राखायचा! आणि आपण बोलत नाही म्हणताना घरात दुसऱ्या कुणी बोललेलंही त्यांना खपायचं नाही. मामी दुपारी गरम पाण्याचा थर्मास घेऊन केबिनमध्ये यायच्या, तो टेबलावर ठेवायच्या आणि न बोलता निघून जायच्या. मी कितीतरी वर्षं समजत होतो की त्या मुक्याच आहेत.

मामांना मामा हे नाव त्यांच्या भाच्यामुळे पडलं. बहिणीचा मुलगा. तिने फार गळ घातली म्हणून मामांनी त्याला हाताखाली घेतलं. कामाला चोख होता. कोण कधी येणार, कोण कुठल्या गावचं, सगळं वेळेवर मामांच्या पुढ्यात ठेवायचा. फक्त बोलताना अडखळायचा. विशेषतः 'प' आला की गाडी रुतलीच.

मामांना हे असं सापडलं, जसं मांजराला उंदराचं पिल्लू सापडावं. कंटाळा आला की ते आतल्या लाइनवर आवाजाच्या खोलीला, फाटकावरच्या लोकांना, सगळ्यांना बोलावून घ्यायचे. "ऐका रे, आमचे चिरंजीव बोलतायत. हं, म्हण राजा : पंचांनी परत पाणी प्यायलं."

"प... प... पं..."

पलीकडून हसण्याचे फवारे यायचे. भाचाही हसायचा. हसण्यावारी न्यायला तो मामांच्याच घरात शिकला होता.

एकदा मामांनी फारच केलं. सामना सुरू व्हायला वेळ होता, प्रेक्षक येऊन बसत होते. मामांनी बटण दाबलं, माझी मान वळवून भाच्याच्या तोंडापुढे धरली आणि म्हणाले, "पांढरी पर्स सापडल्याचं सांग." लाल कडं पेटलेलं. मला मान फिरवता येत नाही. भाच्याच्या 'प'ला शेवटपर्यंत पर्स काही जोडली गेली नाही, आणि मैदान खदाखदा हसलं. तिकीट खिडकीवरच्या मुलीशी त्याचं जमत आलं होतं. ती जिन्यात उभी होती. तीही हसली. मग तोंडावर हात ठेवला, पण आधी हसली.

"रडतोस काय बायकांसारखा?" मामा म्हणाले. "माणूस घट्ट होतो अशाने."

भाचा खरंच घट्ट झाला.

पुढे मामांचे कान जाऊ लागले. सगळ्यात आधी ते मला कळलं, कारण ते माझ्यावर ओरडू लागले. मग हेडफोनची कळ शेवटापर्यंत फिरवू लागले. मग तेही पुरेना. मैदानाचे संचालक काही विचारायचे आणि मामा भलतंच उत्तर द्यायचे. एका दुपारी त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं आणि भाच्याचा हात धरला.

"कुणाला बोलू नकोस. तुझ्या आईची शपथ आहे तुला."

"न-नाही बोलणार, मामा."

"तू ऐकायचं. माझी वेळ आली की इथे दाबायचं." मामांनी आपलं कोपर पुढे केलं. "बाकी मी बघतो."

तेव्हापासून भाच्याने कोपर दाबलं की मामा बोलायचे. लोक म्हणायचे, मामांचं टायमिंग काय आहे! मामांना ते ऐकू यायचं नाही, पण ओठांवरून कळायचं आणि ते मिशीत हसायचे. भाच्याला मात्र त्यांनी कधी 'शाब्बास' म्हटलं नाही. उलट चारचौघांत त्याचा 'प' काढणं चालूच होतं. आता हसण्याचा आवाज त्यांना येत नसे, हललेले खांदे दिसले तरी पुरे.

मग महिलांची अंतिम लढत आली.

एका बाजूला होती डावखुरी. तिला मैदानात सगळे याच नावाने ओळखत. वय झालेलं, गुडघ्याला पट्टी, आदल्या खेपेला अंतिम फेरीत हरलेली. ही तिची शेवटची स्पर्धा हे तिने आधीच सांगून टाकलं होतं. समोर कोवळी, निडर पोर. ऊन डोक्यावर होतं. तिसऱ्या सेटमध्ये डावखुरी पुढे गेली, आणि चषक एका गुणावर येऊन ठेपला.

लोक उठून उभे राहिले. डावखुरीने चेंडू उडवला आणि सर्व्हिस मारली. चेंडू जाळीच्या पट्टीला चाटून पलीकडे पडला. समोरची पोर जागची हललीच नाही. पंच म्हणाले, "लेट." म्हणजे तो चेंडू धरायचा नाही, सर्व्हिस पुन्हा. पण गर्दीने असा गलका केला होता की तो शब्द कुणाच्या कानी पडला, कुणाच्या नाही.

भाच्याच्या कानी नीट पडला. हेडफोनमधून स्पष्ट आला; तो मीही ऐकला.

त्याने मामांचं कोपर दाबलं.

मामांनी बटण दाबलं. लाल कडं पेटलं. आणि त्या भरदार आवाजात, सावकाश, एकेक शब्द पेरत, मामांनी डावखुरीला विजेती घोषित केलं.

मैदानावरचे सगळे भोंगे माझ्यामागे होते. पंचांचा शब्द बुडाला, मामांचा कसा बुडेल? डावखुरीने रॅकेट सोडली. ती गुडघ्यांवर बसली, तोंड ओंजळीत धरलं आणि गदगदून रडू लागली. तिचा म्हातारा प्रशिक्षक कठडा ओलांडून कोर्टवर धावला.

मग पंच खुर्चीवरून वाकून तिला काहीतरी सांगू लागले. ती मान हलवत राहिली. पंचांनी पुन्हा सांगितलं. प्रशिक्षकाला हाताला धरून बाहेर नेलं.

डावखुरी उठली ती दुसरीच कुणी होऊन. पुढची सर्व्हिस जाळीत, त्यापुढचीही जाळीत. चेंडू नीट वर उडेनाच. तो गुण गेला, तो गेम गेला, सेट गेला, चषक गेला. शेवटी ती हात मिळवायला जाळीपाशी आली तेव्हा समोरची पोरच ओशाळून रडत होती.

मैदान केबिनकडे वळलं. शिव्या, शिट्ट्या, उगारलेले हात. काचेवर पाण्याच्या बाटल्या आदळल्या. मामांना वाटलं, आपल्यासाठी लोक उभे राहिलेत. ते खुर्चीतून उठले, कोटाचं बटण लावलं आणि वाकून नमस्कार केला.

त्या दिवशी भाच्याने मामांना अगदी रीतसर मामा बनवलं.

दार उघडून संचालक आले. चेहरा तांबडालाल, तोंडाला फेस यायचा बाकी. मामांनी भाच्याकडे पाहिलं. "काय म्हणतायत?"

भाच्याने ओठ नीट उघडून, सावकाश सांगितलं, "फार छान झालं म्हणतायत. आता तुम्ही आराम करा म्हणतायत."

तो कुठेही अडखळला नाही.

मामांनी संचालकांचे दोन्ही हात हातात घेतले. "आपली कृपा," ते म्हणाले. मामांना ऐकू येत नाही हे संचालकांना तेव्हा कळलं. त्यांनी खाली वाकून माझी वायर उपटली.

भाच्याला कुणी काही विचारलं नाही. तो आता आवाजाच्या खोलीत बसतो, म्हणे बढतीवर. केबिनमध्ये नवा माइक आला. मला भाच्याने पिशवीत घालून मामांच्या घरी पोचवलं, संचालकांची भेट म्हणून.

मामा आत कपडे बदलत होते. मामींनी दारातच विचारलं, "तू केलंस ना?" तेव्हा कळलं, त्या मुक्या नव्हत्या.

भाचा जमिनीकडे बघत म्हणाला, "हो, मामी."

मामींनी त्याच्या हातातली पिशवी घेतली. मग म्हणाल्या, "चहा टाकते. बस."

आता मी त्यांच्या खिडकीजवळच्या टेबलावर असतो. मामांना काहीच ऐकू येत नाही. दुपारी ते कोट घालून माझ्यापुढे बसतात आणि डावखुरीला विजेती घोषित करतात. ती जिंकली अशीच त्यांची समजूत आहे.

मामी शेजारी भाजी निवडत बसतात आणि बोलतात. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बोलतात. लग्नाच्या दिवसापासूनचं काढतात. एवढी वर्षं अहो-जाहो होतं, आता सरळ अरे-तुरे. ओठ दिसू नयेत म्हणून तोंडाला पदर लावून, हसऱ्या डोळ्यांनी, मामांच्या पाठीवर हात ठेवून म्हणतात, "तुझ्यामुळे हरली रे ती. ऊर फुटून रडली बिचारी. आणि तू वाकून नमस्कार केलास, माकडा. मी टीव्हीवर बघत होते. मला इतकं हसू आलं, इतकं हसू आलं!"

मामा मान डोलावतात. त्यांना वाटतं, बायको कौतुक करतेय. परवा तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "आधी कधी बोलली नाहीस हे."

"आधी तू ऐकत होतास," मामी म्हणाल्या, आणि त्यांच्या कोटावरचा कचरा झटकला.

हे सगळं माझ्या तोंडाशी चालतं. माझं बटण अजून दाबलं जातं, पण कडं पेटत नाही. वायर टेबलामागे नुसती लोंबते. घरी येणाऱ्यांपैकी एखादा हौशी माणूस ती हातात धरून म्हणतो, दुरुस्त करून देऊ का? छोटासा भोंगा जोडला की झालं!

त्याला हात जोडून सांगतो. मला जोडू नका. खिडकी उघडी असते, आणि मामांना अजून ओठ वाचता येतात. भोंग्यातून मामींचं बोलणं रस्त्यावर गेलं, की खालून जाणारी माणसं वर बघून एकमेकांना काय सांगतात, ते मामा त्यांच्या ओठांवरून वाचतील.

नाहीतर असं करा, भोंगा जोडाच, पण दुसऱ्या एखाद्या माइकला. आणि मला तेवढं आधी भंगारात टाका.