अर्ध्या पोटाची झोप

मी एक सौर जनरेटर. धूर नाही, घरघर नाही. ऊन खायचं, पोटातल्या बॅटरीत साठवायचं आणि मागाल तेव्हा वीज द्यायची, एवढंच माझं काम. घडी होणारं सोलर पॅनेल हा माझा जन्माचा सोबती. आमचा जन्म कारखान्यातला, पण माणसं कळली ती बंगळुरूच्या बसवनगुडीत, रघुनंदनरावांच्या घरी.

रावांची फुप्फुसं थकली होती. नाकात नळी आणि उशाशी ऑक्सिजनचं यंत्र. वीज गेली की त्यांच्या पत्नी वसुमतीबाईंचा जीव टांगणीला लागायचा. म्हणून इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करून तिकडेच राहणाऱ्या त्यांच्या लेकीनं, संहितानं, मला आणलं. बाईंनी मला हळदकुंकू लावलं, तेव्हा राव धापा टाकत हसले.

"स्वल्प कमी लाव गं, बटणात जाईल!"

त्यानंतर वीज कितीदा तरी गेली. गल्लीतले पंखे थांबायचे आणि माझा छोटा पंखा मंद गुणगुणू लागायचा. रावांची छाती शांतपणे वर-खाली होताना पाहून बाई देवापुढची फुलं निवडायला जायच्या. आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतो, हे सुख मला तिथं कळलं.

राव गेले त्या सकाळी वीज होती. माझी गरजच पडली नाही.

ऑक्सिजनचं यंत्र परत गेलं. माझ्याकडे मात्र बाईंना बघवेना. त्यांनी मला गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवून दिलं, तसंच, बटणही बंद न करता. पोट रिकामं होत गेलं. आम्हा बॅटरीवाल्यांना फार दिवसांचा उपास सोसत नाही, आतून झिजत जातो. त्यात उन्हाळ्यात पत्रा तापला. ज्या उन्हावर मी जगलो, तेच मला भाजून काढत होतं. आपण आता संपलो, असं मला वाटलं.

एके दिवशी संहिता वर आली. तिनं बटण दाबलं. काहीच नाही. तिनं मला खाली आणून भिंतीच्या प्लगला जोडलं आणि समोर बसून राहिली. पुष्कळ वेळानं माझा एक दिवा लुकलुकला.

"अम्मा, असं ठेवतात का? मेलाच असता हा."

"मरू दे," बाई पाठ फिरवून म्हणाल्या. "याचा आवाज आला की वाटतं, आत ते निजलेत."

संहिता उठून त्यांच्या मागे उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "वीज गेली की तू मला फोन करून फोन अण्णांच्या उशाशी ठेवायचीस. हा आवाज ऐकला की मला तिकडे झोप लागायची."

बाई वळल्या. आतापर्यंत आवरून धरलेलं रडू त्यांना आवरेना. लेकीच्या खांद्यावर मनसोक्त रडून झाल्यावर त्यांनी पदरानं डोळे पुसले, मग माझ्यावरची धूळही पुसली.

"सरी, बरं. कसं ठेवायचं ते सांग."

संहितानं सांगितलं. पोट तुडुंब भरायचं नाही, रिकामंही ठेवायचं नाही, निम्म्याहून थोडं जास्त. वायरी काढायच्या, बटण बंद करायचं. पॅनेल कोरडं पुसून घडी घालायची. जागा थंड, कोरडी, जमिनीपासून उंच हवी. दोन-तीन महिन्यांनी उठवून बघायचं, उतरलं असेल तितकं भरायचं.

"आणि कपड्यांच्या गर्दीत कोंबू नकोस, त्याला हवा लागू दे."

तशी जागा घरात एकच होती, रावांच्या कपाटातला मधला खण. तो बाईंनी अजून उघडलाही नव्हता. त्या दिवशी त्यांनी एकेक सदरा बाहेर काढला, नाकाशी धरला, घडी केली. एक स्वतःसाठी ठेवला, बाकीचे मठात देऊन आल्या. मग दोघींनी मला उचलून त्या खणात बसवलं.

माझी पूर्वीची ताकद परत आली नाही. गच्चीवरच्या त्या उन्हाळ्यानं नेली ती नेलीच. पण बाई आता मला आठवणीनं उठवतात, दिवा जोडून त्या उजेडात वाती वळतात आणि पुन्हा निजवतात.

परवा त्या संहिताकडे काही महिने राहायला निघाल्या, तेव्हा शेजारच्या भागीरथीबाईंना माझं सगळं समजावून सांगत होत्या.

"वापरत नाही, तर एवढं कशाला सांभाळता अक्का?"

"वापरात असलेल्याला कुणीही सांभाळतं हो," बाई म्हणाल्या आणि घराची किल्ली त्यांच्या हातात दिली.

आता कपाटाचं दार लोटलेलं आहे. पोट अर्ध्याहून थोडं जास्त भरलंय, झोप येतेय. भागीरथीबाई, वीज गेली तर मला उठवा. आणि नाही गेली, तरी उठवा.