न दुखणारी जखम

“हिची ताटवाटी आजपासून वेगळी कर! अन् उद्याच्या उद्या हिले महागावले माहेरी नेऊन घाल!”

विमलताईंचा आवाज मुकुटबनच्या त्या गल्लीत चार घरं ओलांडून गेला. सून निकिता, चौथा महिना लागलेली, ओट्याला टेकून हुंदके गिळत होती. गुन्हा काय तिचा? गरोदरपणाच्या तपासणीत रक्तात दोष निघाला होता. दवाखान्यातल्या बाईंनी तिला एकटीला बसवून समजावलं होतं, हा गरमीचा आजार, डॉक्टर याला सिफिलिस म्हणतात, औषध आहे, घाबरू नका, नवऱ्याला घेऊन या. भोळी पोर! घरी येऊन सासूला सगळं सांगून बसली. मग काय विचारता!

“असला रोग घरातल्या बाईले? कुठून आणला वो?”

नवरा बंटी दारातच थिजला होता. कागदावर त्याचं नाव अक्षय, पण तीस वर्षांचा झाला तरी गाव त्याला बंटीच म्हणतं. त्याच्या डोक्यात एकच घणघण चालली होती: ही? माही निकिता? अन् मंडळी, गंमत बघा, स्वतःबद्दलचा एक प्रश्नही त्याच्या मनात उठला नाही. आपण पुरुष स्वतःला किती झटकन माफ करून टाकतो!

दुसऱ्या दिवशी तिघं तालुक्याच्या दवाखान्यात आले. विमलताईंनी सुनेच्या कपड्यांची पिशवी भरूनच आणली होती. इथून थेट एसटीत बसवायचं, असं त्यांचं ठरलं होतं.

निकिताला समजावणाऱ्या बाई म्हणजे इथल्या समुपदेशक अतिया मॅडम, शेतकऱ्याच्या घरच्या. त्यांनी बंटीला एकट्याला आत घेतलं आणि दार लावलं.

“भाऊ, लाजू नका. लघवीच्या जागी कधी फोड, जखम काही आलती?”

“आलती एक,” बंटी मोकळेपणानं म्हणाला. “पण ते फवारणीचं होतं. पाठीवरचा पंप गळते ना, औषध मांडीतून खाली येते.”

“दुखत होती?”

“नाही. खाजही नव्हती. कडा तेवढ्या टणक लागत. मेडिकलमधून ट्यूब आणली, महिन्याभरात साफ!”

“ट्यूबनं नाही गेली ते. आपोआपच गेली,” मॅडम म्हणाल्या. “फवारणीच्या औषधानं कातडी भाजली तर बहुतेक वेळा त्याच दिवशी आग होते. खरूज असली तर रात्रभर खाजते, एकाले झाली की घरभर होते. बारीक पाण्याचे फोड घोसानं आले तर ते ठणकतात, तो आजार निराळा. अन् ही तुमची एकटी, टणक, न दुखणारी. हिचाच जास्त संशय घ्यावा लागते. जखम जाते, रोग आत राह्यते. बरं, तवा कपाशी कशी होती?”

“दुसरा वेचा चालू होता.”

“मंग वेचणीत कोण फवारते, भाऊ?”

खरंच की! पंप तर बंटीनं दिवाळीआधीच धुऊन माळ्यावर टाकला होता!

मॅडमनी त्याचा हात उलटा केला. तळहातावर लालसर, न खाजणारे डाग होते.

“ते कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून आले,” तो पुटपुटला.

“तळपायावर आहेत?”

“आहेत.”

“पऱ्हाट्या पायानं उपटता काय?”

अरे देवा! दिवाळीनंतर दोस्तांसोबत शहरात काढलेली दोन रात्रींची ती सहल बंटीला आठवली. एकदाच तर झालं होतं! एकदाच!

“नुसतं पाहून मीही ठरवत नाही. रक्त सांगन,” मॅडम म्हणाल्या. बोटातून थेंब काढला. वीस मिनिटांनी उत्तर आलं, तेच जे निकिताचं होतं. मोठ्या तपासणीसाठीही रक्त पाठवलं, पण उपचार आजच सुरू करायचा असं डॉक्टरांनी सांगितलं.

“अन् लेकरू?” बंटीनं विचारलं.

“वेळेत आलात. आईले इंजेक्शनं पूर्ण दिली तर लेकरू वाचते. बाहेर भरलेली पिशवी पाहिली मी; तशीच माहेरी धाडून दिली असती तर पोटातच जाऊ शकलं असतं.” मॅडम पुढे म्हणाल्या, “तुमचं हे मी बाहेर कोणाले सांगणार नाही. तो तुमचा हक्क आहे. पण बाहेर बाकावर एक बाई तुमच्या नावाचं सोसत बसली आहे, ते तेवढं ध्यानात ठेवा.”

म्हणजे गप्प बसलं तर कोणालाच कळणार नव्हतं! आई सुनेला शिव्या घालेल, गाव विसरेल, आपली मान ताठ राहील. दारापर्यंतच्या पाच पावलांत हा विचारही बंटीच्या मनात येऊन गेला. तुम्हाला खोटं कशाला सांगू?

बाहेर निकिता पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. त्यानं ती उचलून स्वतःच्या खांद्याला अडकवली.

“आई, घराबाहेर काढायचं असन त मले काढ. रोग मी आणला. हिले माह्यापासून झाला.”

विमलताई मटकन बाकावर बसल्या. “काय बोलून राह्यला तू!” मुलाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. “पोरी, मी तुही ताटवाटी वेगळी काढली वो…”

“हे ताटानं होत नाही आई. मॅडमनं कालच सांगतलं होतं, मी तुम्हाले सांगत होती,” निकिता म्हणाली. “तुम्ही ऐकलंच नाही.”

मग ती नवऱ्याकडे वळली. डोळे कोरडे होते.

“तुमच्याशी बोलायचं बाकी आहे. लई बाकी आहे. आधी लेकराचं इंजेक्शन होऊ द्या.”

आणि ती आत गेली. बंटी मागोमाग गेला. सुई त्याच्याही कमरेत शिरली तेव्हा तो कळवळला, पण तिच्यासमोर हूं केलं नाही.

बंधूंनो, भगिनींनो, गुप्त जागेवरची जखम दुखत नाही म्हणून ती साधी असं समजू नका. आपोआप गेली म्हणून सुटलो असंही मानू नका. फवारणी, उष्णता, नजर, कशावरही ढकलू नका. ट्यूब चोळण्याआधी रक्त तपासा, नवरा-बायको दोघांनीही. सरकारी दवाखान्यात ते फुकट होतं. आणि घरात असा रिपोर्ट आला, तर सुनेची पिशवी भरण्याआधी मुलाला तपासणीला न्या!