पासिंगला लावलेलं घर

थोरल्या नातवाचं लग्न एकाच वर्षात दोनदा ठरलं आणि दोनदा मोडलं, त्या वर्षीची ही गोष्ट. घरातले सगळे त्या लग्नाच्या घोरात होते, त्यामुळे फोरमनच्या दोन खोल्यांत काय चाललंय तिकडे कुणाचं म्हणावं तसं लक्ष गेलं नाही.

फोरमन म्हणजे त्या नातवाचा आजोबा, आईचा बाप. सगळी हयात बस डेपोत गेली. निवृत्त झाला, केस पिकले, दात गेले, तरी गल्लीत त्याला फोरमनच म्हणत. डेपोत त्याचं खास काम म्हणजे गाड्यांचं पासिंग. वर्षातून एकदा तपासनीस यायचा आणि गाडी रस्त्यावर धावायला लायक आहे का ते बघायचा. त्याच्या आधी फोरमन त्या गाडीच्या हात धुऊन मागे लागायचा. खडखडणारी खिडकी, गळणारं तेल, फाटलेली सीट, सगळं ठाकठीक करायचा. जे दुरुस्त होण्यासारखं नसेल ते झाकायचा. थंड इंजिन कुरकुरतं, म्हणून तपासनीस फाटकात शिरायच्या आधीच ते तापवून ठेवायचा. त्याच्या हाताखालची गाडी कधी नापास झाली नाही, आणि ही गोष्ट तो अनोळखी पाहुण्यालाही धरून बसवून सांगायचा.

त्याची बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. आवाज असा की माणूस नंबर मागायचा विसरून नुसता ऐकत राहील. आता विसरायची पाळी तिच्यावर आली होती. चष्मा पिठाच्या डब्यात सापडायचा. गॅस सुरू करायची आणि काडी ओढायला विसरायची. सगळं जग झोपलं की हिला जाग यायची. पायात बूट घालून ती दाराशी उभी राहायची, ड्यूटीला उशीर होतोय म्हणायची. फोरमन दाराला खुर्ची लावून तिथेच बसल्या बसल्या डुलक्या काढायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "वय झालंय, चालायचंच."

लेक दुसऱ्या गावी नोकरीला. त्या उन्हाळ्यात तिने खटपट करून सरकारी योजनेत आईचं नाव घातलं. ऑफिसातून एक बाई घरी येणार, म्हातारीला बघणार, आणि गरज दिसली तर रोज दिवसा काही तास मदतनीस मिळणार. फोरमनला निदान तेवढी झोप मिळाली असती. लेकीने फोनवर बजावलं.

"बाबा, त्या येतील तेव्हा काही आवरू नका. आई जशी आहे तशी दिसू दे."

"जशी आहे तशी म्हणजे? घरात उकिरडा करून ठेवू?"

"तसं नाही हो. तिला पढवून ठेवू नका एवढंच. मी काय तुम्हाला ओळखत नाही?"

"मी कशाला पढवतोय? मला दुसरे उद्योग नाहीत?"

त्या क्षणी तो खरंच बोलत होता. पण भेटीचा दिवस जवळ आला तसे त्याचे हात शिवशिवायला लागले. कुणीतरी तपासायला येणार आणि आपण नुसतं बघत बसायचं, हे त्याच्या रक्तातच नव्हतं. आधी त्याने फरशी घासली. मग नळाचं गळणं थांबवलं. मग खिडकीच्या काचा. समोरच्या बेकरीवाल्याची बायको दुपारी भट्टी थंडावली की फोरमनच्या बायकोजवळ येऊन बसायची, तेवढाच त्याला विसावा. ती दारातच थबकली.

"अहो फोरमन, नातवाचं लग्न मोडलंय ना? मग घर कुणासाठी सजवताय? दुसरी नवरी तुम्ही आणताय की काय?"

"वहिनी, बाई यायच्या आहेत उद्या."

"म्हणून तर म्हणते. उद्या मीही येऊन बसते. गॅसचं सांगायला हवं, रात्रीचं सांगायला हवं. तुमच्याच्याने ते व्हायचं नाही."

"तुम्ही बोलायला लागलात की गावाला ऐकू जातं. तुम्ही आपल्या भट्टीकडे बघा. मी सांगतो सगळं."

"सांगा हं पण," ती म्हणाली आणि गेली.

सकाळी त्याने बायकोला अंघोळ घातली, केस विंचरले, ठेवणीतले कपडे घातले.

"आज वार कोणता, सांग बघू?"

"तुम्हीच सांगा. तुम्हाला सगळं येतं."

"अगं, बुधवार. म्हण, बुधवार."

"कशाला? मला कुठे जायचंय?"

मग तो तिच्याशी एक्स्चेंजच्या गोष्टी काढून बसला. कुठला साहेब ट्रंक कॉल लावून स्वतःच घोरायला लागायचा, कुठली ऑपरेटर प्रेमात पडून चुकीच्या तारा जोडायची. बायकोच्या चेहऱ्यावर हळूहळू तेज आलं. ती हसली, हातवारे करू लागली. फोरमनच्या मनात आलं, आता तापलं बरं इंजिन. आणि तेवढ्यात दार वाजलं.

ऑफिसच्या बाई लेकीहूनही लहान होत्या. जिने चढून दम लागला होता, खांद्यावर जड पिशवी. त्यांनी तोंड उघडायच्या आत फोरमनची बायको उठून उभी राहिली.

"नमस्कार. बोला, काय मदत करू?"

तोच आवाज. कित्येक महिन्यांत फोरमनने तो ऐकला नव्हता.

बाईंनी विचारलं, "आजी, आज वार कोणता?"

"तुम्ही कामावर आहात, म्हणजे रविवार तर नाही," ती म्हणाली, आणि बाई मनापासून हसल्या.

चहा करता का, विचारल्यावर ती स्वयंपाकघरात गेली. तिथे फोरमनने पातेलं, पाणी, पत्ती, साखर, कप सगळं ओळीने मांडून ठेवलं होतं. गॅस त्यानेच पेटवला आणि बंदही त्यानेच केला, बाईंना दिसू नये असा मधे उभा राहून. चहा झक्क झाला.

"रात्री झोप लागते?"

"अगदी गाढ," बायको म्हणाली.

बाईंनी मान वर करून फोरमनकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं, हनुवटीवर दाढी करताना कापल्याची खूण होती. "आणि तुम्ही, आजोबा? तुम्हाला झेपतंय का?"

बोलायची वेळ होती ती हीच. शब्द त्याच्या जिभेवर आलेही. पण समोर बायको ताठ बसली होती, एखाद्या साहेबिणीसारखी, आणि तिच्या देखत तिची लक्तरं बाहेर काढायची त्याची छाती झाली नाही.

"मला काय धाड भरलीये!" तो म्हणाला.

बाई गेल्यावर बायकोने विचारलं, "कोण होत्या हो त्या? फार दमलेल्या दिसल्या."

काही दिवसांनी ऑफिसचं उत्तर आलं. तूर्त मदतनिसाची गरज नाही. पटत नसेल तर महिन्याभरात फोन करून पुन्हा भेट मागता येईल. वाचताना पहिल्यांदा फोरमनची छाती फुगली. पास! मग रात्र झाली आणि त्याने खुर्ची पुन्हा दाराला लावली.

लेक फोनवर रडकुंडीला आली. "बाबा, आताच्या आता फोन करा त्यांना."

त्याने रिसीव्हर उचलला आणि खाली ठेवला. दुसऱ्या दिवशीही तेच. सांगणार काय? की बायकोला मी नटवून बसवली होती? साऱ्या डेपोने ज्याच्या शब्दावर गाड्या रस्त्यावर सोडल्या, त्याने एका पोरीसारख्या बाईला सांगायचं की मी फसवलं? लेकीने पुन्हा विचारलं तेव्हा तो म्हणाला, "केला फोन. बघतो म्हणाले."

लेकीने विश्वास ठेवला. त्याच सुमाराला नातवाचं लग्न दुसऱ्यांदा ठरत होतं, आणि सरकारी काम म्हटल्यावर वेळ लागायचाच, असं तिने मनाशी धरलं. बेकरीवालीने दोनदा विचारलं, तिलाही त्याने तेच ऐकवलं. एकदा खोटं बोललं की ते सांभाळायला माणूस रोज उठून कामाला लागतो, तशी त्याची गत झाली. महिना उलटून गेला.

पावसाळा सरला आणि बोचरं वारं सुटलं. त्या दिवशी बेकरीत मोठी ऑर्डर होती, वहिनी यायची नव्हती. जेवण झाल्यावर फोरमनला ऊन हवंसं वाटलं. आताशा दिवसाही दाराला लावलेली असायची ती खुर्ची उचलून त्याने खिडकीशी नेली, एवढंच केलं. डोळा कधी लागला ते त्याला कळलं नाही. जिन्यात काहीतरी धप्पकन पडल्याचा आवाज झाला आणि खालच्या माणसांची आरडाओरड सुरू झाली, तेव्हा तो जागा झाला.

बायकोचं खुब्याचं हाड मोडलं होतं. हॉस्पिटलात त्याच ऑफिसच्या त्याच बाई आल्या. या वेळी फोरमनने सगळं सांगितलं. गॅसचं, बुटांचं, दाराच्या खुर्चीचं, आणि त्या चहाचंही.

बाई म्हणाल्या, "आजोबा, तेव्हाच का नाही बोललात?"

"बाई, तुमच्यापुढे तिला नापास कशी होऊ देऊ?"

"मी कुठे नापास करायला आले होते?"

लेक शेजारीच उभी होती. फोन केलाच नव्हता हे तिला त्या दिवशी कळलं. ती बापाला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे कितीदा तरी वाटलं.

बायकोला घरी आणलं, पण ती पुन्हा उभी राहिली नाही. मदतनीस मात्र लगेच मिळाली. दणकट बाई, बोलायला कमी, कामाला वाघ. पलंगावर कूस कशी बदलायची, पाठीला फोड येऊ नयेत म्हणून उशी कुठे लावायची, हे तिने फोरमनला शिकवलं. आल्या दिवशीच ती त्याला म्हणाली, "आजोबा, मी आहे ना इथे. तुम्ही जरा आडवे व्हा बघू." मग तो आतल्या खोलीत जाऊन झोपायचा, मेल्यासारखा झोपायचा, आणि उठल्यावर त्याला झोपेचीच लाज वाटायची. ही झोप उन्हाळ्यातच मिळत होती. मागायची तेवढी खोटी होती.

पुढे बायकोच्या छातीत कफ साठला. डॉक्टर येऊन गेले, औषधं बदलली, उतार पडला नाही.

ती गेली त्याच वर्षी, ऐन थंडीत, एका गुरुवारी दुपारी. मदतनीस तिच्या उशाशी होती. फोरमन आतल्या खोलीत झोपला होता.