धाकटीचा सरस

प्लायवूडच्या त्या कारखान्यात सरसखोली म्हणजे थोरलीचं राज्य. लाकडाचे पातळ पापुद्रे एकमेकांना चिकटवायचा सरस तीच तयार करी. सरस रसायनाचा, पिंपाचं झाकण उघडलं की डोळ्यांना धार आणि नाकात मिरच्या. नवी माणसं दारातूनच शिंकत माघारी फिरत. थोरली मात्र तोंडाला फडकं बांधून आत उभी. "सवय लागते," म्हणायची, आणि त्या सवयीचाच तिला तोरा होता.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि धाकटी जाऊ त्याच कारखान्याच्या तपासणीखोलीत रुजू झाली. रसायनशास्त्र शिकलेली, बोलायला गोड आणि वर कामाला वाघीण. लहान मुलांचे पलंग बनवणारं एक गिऱ्हाईक मालकांना म्हणालं होतं, की पोरं ज्यावर झोपणार, त्या फळीतून विषारी वाफा यायला नकोत. धाकटीनं सोयाबीनच्या पिठापासून सरस करायला घेतला.

"पिठाची खळ ती! पतंग चिकटवायला ठीक आहे," थोरली पापुद्रे दाबून फळी करणाऱ्या प्रेसवरच्या मिस्त्रीला म्हणाली.

"पण डोळ्यांना झोंबत नाही, वहिनी. काल मी न रडता घरी गेलो, तर बायको विचारते, आज कामाला दांडी मारलीत की काय?"

तो खो-खो हसला. थोरलीला हसू आलं नाही.

घरीही तेच. थोरलीची लेक गणितं घेऊन काकूच्या मागेमागे. एका संध्याकाळी थोरलीनं तिला जवळ ओढलं, तर पोरगी नाक मुरडून म्हणाली, "आई, आधी अंघोळ कर ना. काकूला नाही येत असा वास." बोल पोरीचे, पण वर्मी लागले. जावाजावांचा उभा दावा असतो म्हणतात. इथं दावा एकटी थोरलीच मांडून बसली होती. धाकटीला त्याचा पत्ताच नव्हता.

चाचणीच्या दिवशी गिऱ्हाईक स्वतः आलं. धाकटी त्यांना सगळं समजावत होती. पिठाच्या सरसात पाणी जास्त, म्हणून पापुद्रे चांगले सुकलेले लागतात, हे ती सुकवणीच्या भट्टीवाल्यांना बजावून आली होती. थोरली चळतीपाशी गेली. सहज हात फिरवला. पापुद्रे गार, दमट लागले. कोणीतरी घाई केली होती.

तिनं तपासणीखोलीच्या काचेपलीकडे पाहिलं. धाकटी कशावर तरी हसत होती आणि मालक मान डोलवत होते. 'मला कोण विचारतंय,' असं म्हणून थोरली बाजूला झाली.

गरम प्रेस उघडली आणि फाट्‌कन आवाज झाला. अडकलेल्या वाफेनं फळी मधोमध फुगून उकलली होती. गिऱ्हाइकानं नकारार्थी मान हलवली. धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. थोरलीच्या जिवाला मात्र गार गार वाटलं. त्या संध्याकाळी तिनं गुणगुणत स्वयंपाक केला. धाकटी जेवलीच नाही.

दुसऱ्या दिवशी धाकटी सरसखोलीत आली. झोंबणाऱ्या वासानं तिचे डोळे भरले, की आधीच भरलेले होते, कोण जाणे.

"ताई, उरलेले पापुद्रे मी तपासले. ओले आहेत. काल तुम्ही हात लावलात, मी पाहिलं होतं. तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस का?"

धाकटीनं डोळे पुसले. मग म्हणाली, "मालकांना मी सांगितलंय, चूक माझी. मीच तपासायला हवं होतं." आणि ती निघून गेली.

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. भांडली असती, तर चाललं असतं. पण चांगुलपणातही हिनंच बाजी मारावी? ढवळणी आपटून ती तडक मालकांच्या खोलीत गेली.

"पापुद्रे ओले होते, हे मला माहीत होतं," ती म्हणाली. "मी मुद्दाम गप्प बसले. तिला उगाच मोठेपणा देऊ नका."

मालकांनी तिला सरसखोलीतून काढून सुकवणीच्या भट्टीवर धाडलं आणि धाकटीला पुन्हा एक संधी दिली. थोरली भट्टीवर धुसफुसत राबली, पण एकही दमट पापुद्रा तिनं पुढे जाऊ दिला नाही. 'आता बिघडलं, तर बोट माझ्याकडे,' एवढंच तिच्या मनात.

या खेपेला प्रेसमधून फळी अखंड निघाली. तुकडे कापून उकळत्या पाण्यात टाकले, तरी थर सुटले नाहीत.

"या वेळी काय बदललं?" गिऱ्हाइकानं विचारलं.

"सरस तोच आहे. पापुद्रे नीट सुकले, ते आमच्या जाऊबाईंनी केलं," धाकटी म्हणाली.

सगळे वळून बघायला लागले. थोरली सुखावली, आणि लगेच चरफडली. कौतुकसुद्धा हिच्याच हातून मिळायचं होतं!

"सरस जरा पातळच आहे तुझा," ती म्हणाली.

"मुळीच नाही. मोजलाय मी."

"मोजलास तर मोजलास! मला पातळ दिसतोय."

"मग उद्या सरसखोलीत या. तिथंच भांडू."

"मालकांना विचारलंस?"

"आता विचारते."

धाकटी विचारायला गेली, हेही थोरलीला आवडलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सरसखोलीचं दार उघडलं, तेव्हा थोरली आधीच येऊन उभी होती.