हळदीखालचं पिवळं

पाचवीला आत्यानं टोपडं न्यायचं असतं, म्हणून मी हसनाबादहून सकाळीच निघाले आणि वडीगोद्रीला माहेरी पोचले. माझ्या भावाला, सुग्रीवला, पहिला मुलगा झाला होता. त्याच्या बायकोचं, मोनिकाचं, माहेर ऊसतोडीला गेलेलं, त्यामुळे बाळंतपण सासरीच. म्हणजे माझ्या आईच्या, आसराबाईच्या राज्यात. त्या राज्यात कोणाचं काही चालत नाही. माझंही नाही, आणि मी काही गरीब गाय नाही.

बाळंतिणीच्या खोलीला खिडकी एकच, तिच्यावर घोंगडं टाकलेलं. आत अंधार, शेगडीचा धूर आणि ओव्याचा वास. माय पाटा मांडून सटवाईच्या पूजेची तयारी करत होती. लेकराला रोज तेल-हळद चोळून पिवळंधमक केलेलं. मी त्याला मांडीवर घेतलं. गालाला टिचकी मारली, तळव्याला गुदगुल्या केल्या, तरी उठेना. हात उचलून सोडला की लुळा पडायचा.

"लई गुणाचं हाय बघ," माय म्हणाली. "रडणं न्हाई, किरकिर न्हाई."

ती पाणी आणायला बाहेर गेली तशी मोनिका माझ्याजवळ सरकली.

"ताई, कालपासून दूधच ओढंना. दवाखान्यातून सोडताना सिस्टर म्हणल्या होत्या, पिवळं पडलं, सुस्त झालं तर जल्दी घेऊन या. कावीळ मेंदूत चढली तर लेकरू जल्मभर अधू राहतं म्हणं."

"मंग सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं की. आत्याबाई म्हणल्या, हळदीचं पिवळं हाय."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. लेकरू मोनिकाकडे देऊन मी उठले आणि खिडकीवरचं घोंगडं ओढून खाली टाकलं. माय पाण्याची घागर घेऊन दारातच थांबली.

"येडी झाली का अंजू? बाळंतिणीला वारं लागंल!"

"वारं लागू दे. लेकराला जालन्याला न्यायचंय, आत्ताच."

"आज पाचवी हाय. पूजा झाल्याबिगर लेकरू उंबऱ्याभाईर जात न्हाई. राती सटवाई कपाळावर लिहायला येती. पाळणा रिकामा दिसला तर काय लिहिल ती?"

"लिहायला कपाळ धड राहू दे आधी!"

असं अभद्र बोलल्यावर मायनं माझ्या थोबाडीत दिली असती, पण दोन्ही हातांत घागर होती. आवाज ऐकून सुग्रीव आला. माझा भाऊ मेंढरांचा कळप एका शिट्टीवर वळवतो, पण आईपुढे त्याची जीभ टाळूला चिकटते. त्याला समजावलं तर म्हणाला, "शेजारच्या तातेरावची जीप हाय की. सांजंला पूजा झाली की लगेच निघू."

"सांजंला?" मोनिका एकदम ओरडली. त्या घरात तिचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "त्याचा मेंदू सांजंपर्यंत थांबणार हाय का?"

माय घागर आदळून तणतणत खाली बसली आणि तिनं लेकरू मोनिकाकडून ओढून घेतलं.

"हळद हाय ती. दाखवतेच तुमाला. मंग तोंडं बंद करा बराबर."

तिनं फडकं कोमट पाण्यात बुडवलं आणि लेकराची छाती पुसली. फडकं पिवळं झालं. तिनं माझ्याकडे तोऱ्यात बघितलं. परत पुसलं. तिसऱ्यांदा फडकं पांढरं निघालं, छाती मात्र तशीच पिवळी. पोट पुसलं, मांड्या पुसल्या. ती जोरजोरानं घासायला लागली.

"मुरली असंल अंगात," ती पुटपुटली.

मग ती थांबली. तिनं अंगठ्यानं लेकराची पापणी हळूच वर केली. डोळ्यातला पांढरा भागसुद्धा पिवळा होता. डोळ्यात काही कोणी हळद चोळत नाही.

माझी माय घाबरलेली मी कधी बघितली नव्हती. लांडगा कळपात शिरला तेव्हाही ती काठी घेऊन पुढे झाली होती. आता मांडलेला पाटा तसाच टाकून, लेकरू पदरात घेऊन ती उंबरा ओलांडून अनवाणी पळत सुटली. "सुग्र्या, गाडी काढ!"

वाटेत जीपमध्ये लेकरानं मान मागे टाकली आणि अंग ताठ केलं. मग चिरक्या आवाजात ते रडलं. सकाळपासून त्याचं रडणं ऐकायला मी जीव टाकत होते, पण ते रडणं ऐकून माझं काळीज फाटलं. मोनिका त्याच्या तोंडाशी छाती धरत होती आणि त्याला ती पकडता येत नव्हती. माय सटवाईला हाका मारत होती. मी तातेरावला शिव्या घालत होते, आणि तो बिचारा गाडी जेवढी पळेल तेवढी पळवत होता.

दवाखान्यात त्याचं सगळं रक्त बदललं. निळ्या दिव्याखाली डोळ्यांवर पट्टी बांधून ठेवलं. जीव वाचला. मेंदूला किती लागलं ते आत्ताच सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. या काविळीचा घाव आधी कानांवर बसतो, म्हणून तीन महिन्यांनी कान तपासायला बोलावलं.

तपासलं. उजव्या कानाला ऐकू येतं. डाव्याला नाही. बाकीचं तो बसायला लागेल, चालायला लागेल, तसं कळत जाईल.

मायला मी बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. ती खाली मान घालून लेकराची दुपटी धूत राहिली, आणि त्यानं मला आणखीच रडू आलं.

आता मी माहेरी गेले की बघते. माय रोज लेकराच्या डाव्या अंगाला बसते, हाक मारते आणि तो वळतो का बघत राहते.