शनिवारचा मासा

सोमवारी सकाळी मिस हेब्डन गाडीतून उतरल्या आणि ख्यालीखुशाली विचारायच्या आधीच म्हणाल्या की हे तिसरं वर्ष, असं रिकाम्या हातानं परत जाणं आता सोसत नाही. टॉर्मॉडनं त्यांचं सामान उतरवून घेतलं. पण ते वाक्य त्याच्या मनात रुतून बसलं ते आठवडाभर निघालं नाही.

टॉर्मॉड लोरन नदीवरचा गिली. म्हणजे गळ टाकायला आलेल्या पाहुण्यांना कुठल्या डोहात सॅमन मासा थांबला असेल ते सांगायचं, त्यांच्या दोऱ्यांचे गुंते सोडवायचे, मासा लागला की जाळी घेऊन पाण्यात उतरायचं आणि नाही लागला तर हवामानाला शिव्या घालायच्या. हल्ली शेवटचंच काम जास्त असे. पूर्वी सप्टेंबरच्या या आठवड्यात सहा-सहा पाहुणे यायचे. काठावरच्या खोपीत दुपारी असा गलका चाले की वाडग्यातलं सूप निवून जाई. मासे घटले तसे एकेक जण यायचे बंद झाले. कोणी आइसलँड धरलं, कोणी गोल्फ. उरल्या एकट्या मिस हेब्डन. लीड्सच्या दातांच्या डॉक्टर, आता निवृत्त, पंचाहत्तरी ओलांडलेल्या. लग्न केलं नव्हतं आणि त्याबद्दल कोणी हळहळलेलं त्यांना खपत नसे.

लग्न टॉर्मॉडचंही झालं नव्हतं, फक्त त्याला कोणी कारण विचारत नसे. आई गेल्यापासून घरात बोलायला रेडिओ. शेजारची दोन्ही घरं एडिंबरातल्या लोकांनी सुट्टीपुरती घेतलेली, हिवाळाभर तिथे दिवा लागत नाही. एकटा राहून राहून माणसाचं काय होतं ते टॉर्मॉडकडे बघून कळावं. मिस हेब्डनना सांगायच्या गोष्टी तो वर्षभर साठवून ठेवायचा. पुलाखाली पाणमांजर व्यालं, दुकानदारानं दाढी काढली आणि बायकोनं त्याला ओळखलं नाही, असल्याच. त्या ऐकायच्या, मधूनमधून त्याला मूर्खात काढायच्या. त्याचं तेवढ्यानं भागत होतं. त्या यायच्या थांबल्या तर त्याचा सप्टेंबर जानेवारीसारखाच जाणार होता.

म्हणून या खेपेला मासा लागायलाच हवा होता.

पण नदीला त्याचं काय? सोमवार कोरडा गेला, मंगळवार कोरडा गेला. बुधवारी पाऊस झाला, पाणी चढलं, टॉर्मॉडच्या अंगात बळ आलं, आणि गुरुवार-शुक्रवारही तसेच गेले. मिस हेब्डन छातीभर रबरी कपड्यांत पाण्यात उभ्या राहायच्या, दोन पावलं खाली सरकायच्या, पुन्हा गळ फेकायच्या. पिसांचा खोटा किडा प्रवाहात वाहत जायचा आणि जसाच्या तसा परत यायचा. एके काळी या डोहांत मासे इतके उडायचे की पाहुणे गळ टाकायचं विसरून बघत बसत. गेले कुठे सगळे, असं मिस हेब्डननी विचारलं आणि टॉर्मॉडची गाडी सुटली. समुद्र तापलाय, तिकडे खायला उरलं नाही, आणि त्यात हे खाडीतले मासे पाळायचे पिंजरे. वसंतात वादळानं पिंजरे फाटले होते आणि पाळलेले सॅमन हजारोंनी बाहेर पडले होते. गावच्या सभेत टॉर्मॉड उभा राहून बोलला होता की पळालेला मासा नदीत दिसला की तिथल्या तिथे मारायचा, दयामाया नाही. आयतं खाऊन वाढलेली जात ती. आपल्या माशांत मिसळली तर पिल्लांना ना समुद्र झेपणार, ना परतीची वाट सापडणार. पिंजऱ्यांवर कामाला जाणाऱ्यांनी त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं टाकलं. त्यालाही ते फार लागलं नाही, असं तो म्हणायचा.

रविवारी सॅमनला गळ टाकायची बंदी, तेव्हा शनिवार शेवटचा. दुपार कलत आली होती. टॉर्मॉड काठावर मान खाली घालून बसला होता, तेवढ्यात मिस हेब्डन अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "टॉर्मॉड, लागलाय. तू काही बोलू नकोस."

तो उठला. जाळी घेऊन कमरेपर्यंत पाण्यात जाऊन उभा राहिला. त्या गळाची काठी सावरत होत्या, दोरा देत होत्या, घेत होत्या. शेवटी मासा दमून कुशीवर झाला आणि त्यानं जाळी खाली घातली.

आणि त्यानं पाहिलं. शेपटी बोथट, कडा झिजलेल्या. छातीचे पर कुरतडल्यासारखे. पोट सुटलेलं. गर्दीत जाळ्याला घासून घासून होतात तसले हे पर. त्याला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही. पिंजऱ्यातला होता.

मासे मारायचा छोटा दांडका त्याच्या खिशात होता. तिथले लोक त्याला पाद्री म्हणतात, शेवटचे संस्कार तोच करतो म्हणून. टॉर्मॉडचा हात खिशापर्यंत गेला.

"केवढा आहे? मला इथून नीट दिसत नाहीये. सांग की."

"मादी आहे, बाई. आठ पौंड तरी असेल."

"आणि अस्सल ना? तुझ्या त्या पिंजऱ्यांतली नव्हे?"

पाणी त्याच्या कमरेभोवती ओढत होतं. मासे घटल्यापासून लागलेला अस्सल मासा पाण्यातच सोडून द्यायचा, बाहेर काढायचा नाही, हा त्याचाच नियम, त्यामुळे त्यांना दिसायचा प्रश्न नव्हता. मध्ये तो पाठ करून उभा होता. त्यांचा चेहरा मात्र मान वळवल्यावर त्याला दिसला. लहान मुलीसारखा झाला होता.

"अस्सल," तो म्हणाला. "याच नदीची."

त्यानं गळ काढला, मासळी प्रवाहाकडे तोंड करून धरली. ती ताजीतवानी झाली आणि त्याच्या बोटांतून निघून गेली.

"वर जाऊन अंडी घालेल ना?" मिस हेब्डननी विचारलं.

"घालेल," टॉर्मॉड म्हणाला. आठवडाभरात तो एवढं खरं दुसरं काही बोलला नव्हता, आणि नेमकं तेच व्हायला नको होतं.

खोपीत त्यांनी व्हिस्की काढली, मासा लागल्यावर काढतात तशी. दोन घोट झाल्यावर त्यांनी त्याच्या हातावर हात ठेवला. इतक्या वर्षांत प्रथमच.

"गुडघे दोन वर्षांपासून सांगताहेत, बाई पुरे कर. पण मला असं कोरडं थांबायचं नव्हतं. एक लागला की थांबायचं, असं ठरवून येत होते. आता झालं, टॉर्मॉड. पुढच्या वर्षी मी नाही यायची. आणि तुझ्यामुळे सुखानं थांबतेय, हे लक्षात ठेव."

टॉर्मॉडनं पेला खाली ठेवला. आत्ता खरं सांगितलं तर हिशेब अपुरा राहील, मग त्या पुन्हा येतील, हे त्याच्या डोक्यात लख्ख आलं. तोंडही उघडलं. पण त्या हसत होत्या, आणि खरं सांगितलं की कोण खोटं बोललं तेही सांगणं आलं.

"बरं केलंत," तो म्हणाला.

त्यांची गाडी वळणाआड गेली आणि तो आपली काठी घेऊन डोहावर आला. अंधार पडेपर्यंत गळ टाकत राहिला. एकदा सुटलेला मासा लगेच पुन्हा तोंड उघडत नाही, हे तोच पाहुण्यांना सांगत आला होता. तरी ती मासळी अंडी घालायच्या आत हाती लागायला हवी, म्हणून टाकत राहिला.

रविवारी सकाळी तो पुन्हा पाण्यात होता. कायदा सोडा, त्या खोऱ्यात रविवार देवाचा म्हणून त्या दिवशी कोणी कपडेही वाळत घालत नाही. चर्चला निघालेल्या माणसांचा थाट पुलावरून जाणाऱ्या गाड्यांतून दिसत होता. गावात ज्या थोड्यांशी त्याचं बोलणं उरलं होतं, ते सगळे त्या गाड्यांत होते. एक गाडी थांबली, काच खाली झाली. एफी होती, त्याच्या आईची मैत्रीण, दर नाताळात त्याला जेवायला बोलावणारी.

"टॉर्मॉड, आज रविवार आहे रे."

"माहीत आहे."

ती वाट बघत राहिली, तो पुढे काही सांगेल म्हणून. त्यानं दोरा ओढून घेतला. काच वर गेली, गाडी निघाली, मागच्याही निघाल्या. टॉर्मॉड दोन पावलं खाली सरकला आणि पुन्हा गळ फेकला.