तांड्यावरच्या नकाशाची तुटक रेषा

मी एक जुना नकाशा आहे, मित्रांनो. आशिया खंडाचा. साखऱ्याजवळच्या एका तांड्यावरच्या शाळेत राहतो. छापखान्यात माझ्यावर रंग चढले, पाठीला कापड लागलं, वर-खाली काठ्या बसल्या. नवा होतो तेव्हा तपासणीला आलेले साहेब माझ्यापुढे थांबायचे. आता जग मोबाईलवर दिसतं. मी कपाटामागे उभा असतो.

खुणांची सूची.
निळा रंग: पाणी.
तपकिरी रंग: डोंगर.
तुटक रेषा: दोन देशांचं अजून ठरलेलं नाही.

याच शाळेत शिकलेला प्रेमदास त्या तुटक रेषेवर शिपाई होता. त्याची आई धुरपताबाई शाळेत खिचडी शिजवते. भांडी घासून झाली की ती रविंद्र सरांना म्हणायची, "दाखवा बरं, माझं लेकरू कुठं उभं हाय." सर मला उलगडायचे.

एकदा तिने विचारलं, "सर, तिकडचे लोक पुढं येऊन राहिले, अन् आपला हुकूम म्हणतो बंदूक चालवू नका. एवढा मोठा देश. भितो काहून?"

"माय, शेजारच्या भावसिंगशी तुमचं बोलणं बंद आहे ना? पण हळद शिजवून वाळत घातली की कसं वागता?"

"मंग त्याच्या बैलालाबी आमी हळूच हाकलतो. दोघांची हळद शेजारी-शेजारी उघड्यावर. आमी त्याची तुडवली, तर तो आमची तुडवल."

"तसंच आहे. दोघांकडं अणुबॉम्ब. अन् दोघांचंही सगळं उघड्यावर."

"म्हंजी देश हळद राखून राहिला," ती हसली. "राखू द्या मंग."

दिवाळीनंतर त्या रेषेवर

(इथे माझं कापड फाटलं आहे. जरा थांबून सांगतो.)

त्या रेषेवर धक्काबुक्की झाली. एकही गोळी सुटली नाही. प्रेमदास दरीत पडला.

युद्ध झालं नाही. दोन्हीकडचे अधिकारी बोलायला बसले.

सुतक फिटल्यावर धुरपताबाई आली. खिचडी शिजवली. भांडी घासली. मग म्हणाली, "उलगडा."

सरांनी मला उलगडलं.

"तुमचं बराबर होतं, सर. लढाई झाली असती तर लई जणींची पोरं गेली असती." तिने तुटक रेषेवर बोट ठेवलं. "पण आमी हळदीच्या राखणीला पोरगं बसवतो ना, तर ऊन वाढलं की हाक मारतो. ये रे सावलीत, राहू दे ती हळद. माझ्या पोराला कोणी हाक मारली?"

 सर मला गुंडाळायचं विसरले.

मित्रांनो, देशांनी सांभाळूनच वागावं. पण कुठे शांतता टिकली असं ऐकलंत, तर राखणीला कोण बसलं होतं, तेही विचारा.